कौसाक्काची लाल नखं

माझ्या थोरल्या बहिणीच्या ओटीभरणाला मी तिच्या सगळ्या नखांना गडद लाल रंग लावला. एकावर एक दोन हात, आणि वरून फुंकरा मारमारून वाळवला. माझ्या हातून झालेले मूर्खपणाचे प्रकार सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही, पण हा एकच असा आहे की ज्याच्यावर मला अजून हसता आलेलं नाही. बाकी सगळ्यांवर पोटभर हसून झालंय. नखांना रंग लावला यात एवढं काय झालं, असं तुम्ही म्हणाल. माझी नातही तेच म्हणाली. मंग तिला आधी आमचं घर सांगावं लागलं, आबा, म्हणजे माझे वडील, सांगावे लागले, आणि त्या वयातली मी सांगावी लागली. शेवटचं सांगायला सगळ्यात जास्त शरम वाटली, कारण ती पोरगी भारी आगाऊ होती.

आमचं घर कुंभार पिंपळगावच्या पार कडेला, जिथं घरं संपून बाभळी सुरू होतात तिथं. पुढं माणसांना राहायला दोन खण आणि मागं मेंढरांचं वाडगं. वाडगं घरापेक्षा मोठं आणि, आई म्हणायची तसं, घरापेक्षा शिस्तीचं. आजोबांच्या वेळेला आमची माणसं बारा महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडायची. आबांनी थोडी जमीन घेतली, ज्वारी-करडी पेरायला लागले, पण मेंढरं सोडली नाहीत. सकाळी जाग यायची ती मेंढरांच्या ओरडण्यानं आणि डोळा लागायचा तो आईच्या चातीच्या घरघरीत. ती लाकडी चाती मांडीवर फिरवून आई लोकर कातायची आणि कातता कातता सगळ्या गावाची खबर घ्यायची. घराला कायम लोकरीचा, ताकाचा आणि भाजलेल्या जवसाचा वास. भाकरीवर जवसाची चटणी, चटणीत बोटानं खड्डा, खड्ड्यात करडीचं तेल. आजही कुणी मला जेवायला काय करू म्हणून विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि सून म्हणते, आत्याबाई, पाहुण्यांपुढं तरी भाजी मागत जा.

रोज दिवस मावळायच्या आत मेंढरं वाडग्यात शिरताना आबा तोंडाशी उभे राहायचे. मधूनच एखादीला धरायचे आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं उलटी करून बघायचे. आतला रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा असला तर मेंढी चांगली. पेरूच्या गरासारखा पांढरा असला तर तिच्यात रगत उरलेलं नाही. आज चरतेय, उद्या बसेल. तिला लगेच बाजूला बांधायचे, पाला द्यायचे, पेंड चारायचे. माणसाच्या डोळ्यात बोट घालता येत नाही म्हणून माणसाची ते नखं बघायचे. रामराम झाला की समोरच्याचा हात धरूनच ठेवायचे आणि बोलता बोलता त्याच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचे. दाबलेलं नख पांढरं होतं, ते किती जल्दी पुन्हा लाल होतं, ते बघायचे. पावणेरावळे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमचा बाप माणसांना मेंढरं समजतो, असं मी मैत्रिणींना सांगायचे. अक्कल बघा माझी.

त्याच सुमारास जालन्याच्या मामीचा हात मोडला आणि तिच्या हाताखाली मला धाडलं. मामा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलला होता. सकाळी सायकलवर जायचा तो गोरा आणि यायचा तो काळा. त्यांच्या शेजारी नसीम आपा राहायची. नवऱ्या मुलींचे केस सेट करणं आणि नखं करणं हा तिचा धंदा. पुढच्या खोलीत एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची आणि खिळ्याला टांगलेल्या जाळीच्या पिशवीत रंगीबेरंगी रोलर. मी मामीच्या भांड्यांपेक्षा त्या खोलीत जास्त असायचे. आपानं मला हाकललं नाही, कामाला लावलं. केस ओले असतानाच भाग पाडायचे, प्रत्येक भागाला जवसाचं पाणी लावायचं, टोकाकडून रोलरवर गुंडाळत टाळूपर्यंत न्यायचं, पिन मारायची आणि पार वाळेपर्यंत हात लावायचा नाही. जवस उकळून मलमलीतून गाळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी निघतं. बाजारातल्या बाटलीपेक्षा आपाचा त्याच्यावर भरवसा. नखांचं काम मला जास्त आवडायचं. बोटं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायची, मुळापाशी चढलेली कातडी लाकडी काडीनं मागं सारायची, कानस एकाच दिशेनं फिरवायची. मी ती करवतीसारखी मागंपुढं चालवली की आपा हातावर चापटी द्यायची. मंग रंग: एक पट्टा मधून, एकेक बाजूनं. पण त्याच्या आधी तिचा एक नियम होता आणि तो ती दर गिऱ्हाइकाला मला ऐकवायची.

"रंग के पहले नाखून देखना, बेटा. नंगा नाखून. पिकेला है क्या, पिवळा है क्या, पांढरा पडलाय क्या. कुछ भी दिखा तो बाटली खोलायची नै. पहले बाई को पूछना, तब्येत कैसी है."

मी बराबर मान हलवायचे. मान हलवताना आपली बट कशी हलते, ते आरशात बघायचे.

मामीचा हात बरा झाला आणि मी गावी आले ती कपाळावर केसांचा डोंगर आणि बोटांना चिमट्यासारखी टोकदार नखं घेऊन. आपानं कौतुकानं जुने रोलर आणि दोन बाटल्या दिलेल्या, त्या मी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी उशाला. भाकरी थापली की भाकरीला भोकं पडायची. आई म्हणायची, "चाळणी करून राह्यली का भाकरी?" गावात कुणी डोकं हातात देईना, म्हणून मी एका गरीब मेंढीला धुतलं, जवसाचं पाणी चोपडलं आणि तिच्या पाठीवरच्या लोकरीला रोलर लावले. जवसाचा वास आल्याबरोबर बाकीची मेंढरं गोळा झाली आणि तिला चाटायला लागली. ती पुढं, मागं सगळा कळप, आणि त्यांच्या मागं मी पिना गोळा करत. आई दारातून ओरडली, "आवं बघा हो, चटणीचं जवस मेंढीला थापलं हिनं!" आबांनी ती मेंढी धरली, एकेक रोलर सोडवून माझ्या ओंजळीत दिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हिची लोकर देवानंच कुरळी करून धाडली व्हती. तुला त्याच्यात काय कमी वाटलं, बाई?"

आता पुढचं इथंच सोडून द्यावंसं वाटतं. पण सांगते.

कौसाक्का माझ्याहून थोरली. तिला शहागडला दिलेली. गोदावरीच्या पुलाअलीकडं, हमरस्त्याला लागून तिच्या सासरचं थोडं शेत आणि ट्रकवाल्यांसाठी हॉटेल होतं; पत्र्याखाली बाजा टाकलेल्या, बाहेर ट्रकांची रांग, आत चुलीवर दिवसभर भाकऱ्या. त्या भाकऱ्या आक्काच्या हातच्या. तिला दिवस राहिले, आम्ही सगळे खुश. मंग बाजाराला आलेल्या तिकडच्या एका बाईनं आईला गाठून सांगितलं की, तुमची कौसा भिंतीला धरून चालून राह्यली. त्या दिवशी आईची चाती फिरली नाही. सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाला आम्हाला जायचंच होतं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, पण न्यायचं ते नववा लागल्यावर. आई म्हणाली, "आत्ता जाऊन राह्यलो तर तिला संगंच घेऊन येऊ."

आबा म्हणाले, "सोयरे काय म्हणतील? पोरीला उपाशी ठिवलं का आम्ही, असं इचारतील."

"मंग तुम्ही तिची नखं बघा. मेंढीची पापणी बघता ना रोज? पांढरी दिसली की तिथंच तोंड उघडायचं. माझं बाईमाणसाचं कोण ऐकतंय त्यांच्यात?"

"बघतो," आबा म्हणाले.

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी पलीकडं बसून पेटीत रोलर भरत होते. कान होते, पण कानांवर केस होते.

ओटीभरणाच्या दिवशी सकाळीच एसटीनं पोचलो. आईनं सांज्याच्या पोळ्या घेतलेल्या, हिरवं लुगडं घेतलेलं. मी माझी पेटी. आक्का चुलीपुढं होती. तिच्या ओटीभरणाच्या दिवशीसुद्धा चार ट्रक उभे होते ना दारात. मला बघून हसली, "आली का गं माझी म्याडम!" आणि उठताना तिनं आधी भिंत धरली, मंग मला. मी तिला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. सासू उंबऱ्यात सुपारी कातरत बसली. बाई वाईट नव्हती. फक्त तिचं लक्ष अर्धं सुनेकडं आणि अर्धं चुलीकडं असायचं. मी केस धुतले, विंचरले. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. मला वाटलं, खेडेगावातल्या बायकांना केसांची काळजीच घ्यायला नको. मी स्वतः कुठली, ते विसरूनच गेले होते! रोलर लावता लावता आक्कानं पदराच्या गाठीतून काहीतरी काढून तोंडात टाकलं. चुलीची भाजकी माती. डोहाळे, म्हणून मी तिला चिडवलं.

"शेवंते, लवकर उरकतं का गं? मला बसवंना झालं."

"आक्का, सौंदर्याला टाइम लागत असतो." होय, हे शब्द मीच बोलले. थोड्या वेळानं ती बसल्या बसल्या पेंगली, मान माझ्या हातात पडली. माझ्या बोटांत अशी काही जादू उतरली होती की माणूस झोपून जातं, असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात आपाला सलाम केला.

मंग नखं. हाताला पीठ लागलेलं, म्हणून मी बोटं कोमट पाण्यात बुडवली. पीठ गेलं, नखं पांढरी ती पांढरीच. चपटी, आणि मध्ये चमच्यासारखी खोलगट. बाहेर काढली तर खळग्यात पाण्याचा थेंब तसाच उभा. आपाचं बोलणं आठवलं नाही असं म्हणून मी सुटू शकते, पण खोटं कशाला? आठवलं. मला फक्त असं वाटलं की, काय ही बेढब नखं, बरं झालं आपल्याकडं गडद रंग आहे. मी कानस फिरवली, बाटली हलवली. बोटं लाल होत गेली. शेवटी उजव्या हाताचा अंगठा राहिला, तेव्हा आक्कानं मूठ मिटली. उंबऱ्याकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अंगठा राहू दे, शेवंते. एवढा एक सोड."

"का?"

"आबा हात धरतात ना."

"मंग? आबांना काय रंगाचं वावडं हाय का? सगळी लाल आन् एकच पांढरं, लोक हसतील मला," मी म्हणाले आणि तिची मूठ उघडली. मला हसतील म्हणाले, तिला नाही. तिनं हात सैल सोडला. दोन हात रंग. वर फुंकर.

पाटावर बसली तेव्हा आक्का खरंच देखणी दिसत होती. हिरवं लुगडं, कपाळावर आणि कानांवर कुरळ्या बटा, मोगऱ्याचे गजरे, डोळ्यांत मी भरलेलं काजळ, गालांवर मी चोळलेली लाली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "बहिणीनं केलं म्हणं, जालन्याला शिकून आलीय." मी कोपऱ्यात उभी राहून नखं न्याहाळत होते, म्हणजे लोकांनी मला न्याहाळावं म्हणून. ओटी भरून झाली आणि पुरुष माणसं भेटायला आली. सासू आबांना म्हणाली, "बघा इवाई, कशी खुलली तुमची कौसा. तुमची मालकीण म्हणते की, हिला आत्ताच नेतो. सातव्यात नेऊन काय करता? नववा लागला की न्या. माणसं बी कमी हायेत हॉटेलात."

आबा आक्कापुढं बसले, तिचा उजवा हात हातात घेतला. त्यांचा अंगठा तिच्या अंगठ्यावर गेला, दाबून सुटला. लाल होतं, लालच राहिलं. ते जरा वेळ त्या नखाकडं बघत राहिले. आक्का त्यांच्याकडं बघत होती. आई दारातून दोघांकडं बघत होती. मंग आबा हसले, "वा गं माझी माय, मेमसाब झाली!" सगळे हसले. त्यांनी तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवला, हळूच, पिलू ठेवावं तसा. आईनं मानेनंच विचारलं आणि आबांनी मानेनंच सांगितलं, चांगली हाय.

आम्ही निघालो तेव्हा आक्का रस्त्यापर्यंत आली. एसटीच्या खिडकीतून मी वळून बघितलं तर ती पदराच्या टोकानं अंगठा घासत उभी होती. मला तिचा रागच आला. एवढं मेहनतीनं केलेलं काम.

कापूस फुटायच्या दिवसांत एक ओळखीचा ट्रकवाला निरोप घेऊन आला, कौसा चुलीपाशी पडली म्हणून. आम्ही पोचलो तोवर काही उरलं नव्हतं. बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झालं, रक्त थांबलं नाही, बाळही गेलं. दवाखान्यातला डॉक्टर आबांना म्हणाला की, अंगात रक्त आधीपासूनच नव्हतं, कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? हॉटेल त्या दिवशी बंद होतं आणि चूल तेवढी विझवायची राहून गेली होती, धुपत होती.

सवाष्ण गेली म्हणून तिला न्हाऊ घातलं, हळद-कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या. बायका मला म्हणाल्या, केस तू विंचर. मी विंचरले, साधा भांग पाडला. हात तिच्या हाताकडं गेला तेव्हा नखं दिसली. रंग बराच उडाला होता, पण राहिला होता तो पुढं सरकला होता. नख वाढतं ना. मुळापाशी नव्या नखाची पट्टी उघडी पडलेली, चंद्रकोरीएवढी. मेलेल्या माणसाची नखं पांढरीच असणार, एवढं मलाही कळत होतं. तरी मी कापूस आणि रंग काढायची ती उग्र वासाची बाटली मागून घेतली आणि एकेक नख पुसायला बसले. सासू रडता रडता म्हणाली, "राहू दे की गं रंग, चांगला दिसून राह्यला." मी ऐकलं नाही. पहिल्यांदा अंगठा पुसला.

पेटी मी माळ्यावर टाकली. पुढं लग्न झालं, पोरं झाली, आणि गरजेनं ती खाली काढावी लागली; पिंपळगावातल्या कितीक नवऱ्या मुलींचे केस मी या हातांनी सेट केले, जवसाच्याच पाण्यानं. नखं मात्र कुणाची केली नाहीत. बायका विचारायच्या, शेवंताबाई, नखांचं का नाही? मी म्हणायचे, डोळे गेले बाई माझे, आणि त्याच डोळ्यांनी सुईत दोरा ओवायचे. आता माझी नात जालन्याला हेच शिकून राह्यली. सुट्टीत येते आणि सरावाला माझे हात मागते. तिच्याकडं आता दिव्याखाली वाळणारे रंग आहेत, चिकटवायची खोटी नखंसुद्धा आहेत. माझ्या हातांना लावली की मी भुतीण दिसते आणि शेजारच्या पोरांना भीती दाखवायला उपयोगी पडते. पण आधी तिनं माझं उघडं नख दाबून बघितल्याशिवाय मी बाटली उघडू देत नाही. ती कंटाळते. कंटाळू दे.

आक्का गेल्यावर आमच्या घरात तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. आई चाती फिरवायची, पण गावाची खबर विचारेना झाली. आबांनी माणसांचे हात धरणं सोडलं. लांबूनच रामराम करायचे. मला वाटायचं, ते माझ्यामुळं. मंग लोकर कातरायचे दिवस आले. आबा कातर चालवत होते आणि मी मेंढीचे पाय धरून बसले होते. ती तीच मेंढी होती, रोलरवाली. मला एकदम राहवेना. मी म्हणाले, "आबा, आक्काची नखं पांढरी व्हती. मला दिसली व्हती. अंगठा सोड म्हणली ती, तुम्ही हात धरता म्हणून. मी सोडला न्हाई. माझ्यामुळं तुम्हाला दिसलं न्हाई."

कातर चालतच राहिली. एक पूर्ण बाजू कातरून झाली, तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली, मेंढीची पापणी उगाचच उलटी करून बघितली आणि सोडून दिली. माझ्याकडं न बघता म्हणाले:

"हात हातात घेतला तवाच गार लागला व्हता मला. सोयऱ्यांपुढं तोंड उघडायची हिंमत व्हईना. मंग तुझा रंग दिसला, आन् मला वाटलं, बरं झालं, आता बघावं लागणार न्हाई."